फळ्यावरचा सुविचार घरी कसा आणावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आहे. रोज सकाळी फळ्याच्या वरच्या पट्टीत एका बाजूला वार आणि दिनांक, दुसऱ्या बाजूला पट आणि हजर, अन् मधोमध सुविचार. हे इतक्या वेळा लिहिलंय की हात आपोआप चालतो. पण पालक, जुने विद्यार्थी, माझ्या बहिणी, गाडीत शेजारी बसलेल्या बायका सुविचारांबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं अशी आपोआप देता येत नाहीत. मला जमली तशी ती इथे लिहिली आहेत.

सुविचार वाचून खरंच काही फरक पडतो का?

नुसता वाचून नाही पडत. पी हळद अन् हो गोरी, असं कधी होत नाही. ओळ तीच असते. ज्या दिवशी ती आपल्या हातातल्या कामाला, समोरच्या अडचणीला जाऊन चिकटते, त्या दिवशी तिचा उपयोग होतो. तोवर ती भिंतीवरच्या रंगासारखी नुसती दिसत राहते. म्हणून 'चांगला सुविचार कोणता?' यापेक्षा 'सध्या माझं काय अडलंय?' हा प्रश्न आधी विचारावा, असं मला वाटतं.

शाळेत रोज सुविचार असायचा. आज एकही आठवत नाही. मग त्याचा उपयोग काय झाला?

परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बोधकथा, दिनविशेष, बातम्या हे सगळं थोडक्या वेळात उरकायचं असतं. सुविचाराच्या वाट्याला अर्धा मिनिट येतो. एक मूल पुढे येतं, हात मागे बांधून एका दमात ओळ म्हणतं आणि रांगेत परत जातं. बाकीचे समोरच्याची कॉलर बघत उभे. ती ओळ आठवणार कशी?

आमच्या शाळेतला एक दिवस सांगते. गाव माण तालुक्यातलं, महिना मार्चचा. चौथीतल्या मुलाची पाळी होती. त्यानं फळ्यावर 'थेंबे थेंबे तळे साचे' लिहिलं, खडू खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, पण आमच्या तळ्यात थेंबच नाही." वर्गात कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्या घरी टँकरचंच पाणी होतं. मला उत्तर सुचेना. दुपारी मी मुलांना घेऊन गावामागच्या पाझर तलावावर गेले. तळ पार भेगाळलेला, मधे एक म्हैस उभी. तिथल्या एका आजोबांनी मुलांना गाळ कुठवर चढलाय ते काठी रोवून दाखवलं. बांधाला खालून वाट कुठे फुटली आहे, तेही दाखवलं. पाऊस पडतो त्या वर्षी पाणी येतं, पण गाळामुळे साठत नाही आणि वाटेमुळे टिकत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मुलानं सुविचाराखाली स्वतःची ओळ जोडली : 'पण बांध फुटका नको.' तो सुविचार आठ दिवस पुसू दिला नाही मी. त्या वर्गातली मुलं आता कॉलेजात आहेत. भेटली की अजून तळ्याचंच बोलतात.

तेव्हा तुम्हाला आठवत नाही, यात तुमचा दोष नाही. रोज नवा सुविचार हवा, हा नियमच मला चुकीचा वाटतो.

एकाच ओळीवर थांबावं, की ती जिथून आली तेही शोधावं?

शोधावं. मी तर म्हणेन, अर्धं बळ तिथेच असतं. 'असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास तुका म्हणे' ही ओळ महाराष्ट्रातल्या कुठल्या शाळेच्या भिंतीवर नाही? बहुतेकांना तिचा अर्थ 'अभ्यास करा, पहिला नंबर येईल' एवढाच ठाऊक असतो. पण ही अभंगाची शेवटची ओळ आहे. अभंग सुरू होतो तो असा : 'साधुनी बचनाग खाती तोळा तोळा । आणिकांते डोळां न पाहवे.' बचनाग म्हणजे जहाल विषारी मुळी. सवय केलेले लोक ती तोळा तोळा खातात, दुसऱ्याला नुसती बघवतही नाही. पुढच्या ओळीत साप येतो. साधलेला माणूस तो हातात धरतो, बाकीचे बघूनच कापतात.

हे वाचलं की 'अभ्यास' या शब्दाचा अर्थच बदलतो. पुस्तकी अभ्यास नव्हे. रोज थोडं थोडं करून अंगवळणी पाडलेली गोष्ट. मुलाखतीला घाबरणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीला मी या दोन्ही ओळी लिहून दिल्या आणि सांगितलं, की आजपासून रोज एका अनोळखी माणसाशी पाच मिनिटं बोल. बँकेत, बसस्टॉपवर, कुठेही. तिच्यासाठी तोच बचनाग होता. पहिल्या दिवशी तिनं कंडक्टरला फक्त गाडी किती वाजता पोचते एवढंच विचारलं, आणि घरी येऊन मला फोन केला.

(खरा बचनाग कुणी चाखून बघू नये. मुलांना सांगताना हे आवर्जून सांगा, मी सांगते.)

'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' ही माझी आवडती ओळ. तिच्यात काही चूक आहे का?

ओळीत चूक नाही, पण आपण ती अर्धी वापरतो. भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचं हे वामनपंडितांनी केलेलं मराठी. पूर्ण श्लोक म्हणतो, की एक वेळ वाळू रगडून तेल निघेल, मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात हिंडताना सशाचं शिंगही सापडेल. 'परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी.' म्हणजे हट्टाला पेटलेल्या मूर्खाची समजूत मात्र घालता येत नाही. प्रयत्नांची थोरवी सांगायला निघालेला हा श्लोकच नाही. कुठे प्रयत्न थांबवावा, हे तो सांगतो.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं, कारण मीही वर्षानुवर्षं ती पहिली ओळ फळ्यावर लिहीत होते. मग वाटलं, पूर्ण श्लोक जास्त कामाचा आहे. ज्या नात्यात, ज्या भांडणात आपण वर्षानुवर्षं वाळू रगडत बसतो, तिथून उठायला हाच श्लोक बळ देतो. माझ्या एका मैत्रिणीनं भाऊबंदकीच्या वादातून अंग काढून घेतलं तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, "शेवटची ओळ आठवली गं."

'ठेविले अनंते तैसेचि राहावे' म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं का? अशानं माणूस आळशी नाही का होणार?

हा प्रश्न तरुण मुलं फार तळमळीनं विचारतात, आणि विचारायलाच हवा. याची पुढची ओळ बघा : 'वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ.' काळजी वाहत राहिलं तर पदरी नुसतं दुःखच पडतं. सोडायचा आहे तो उद्वेग. काम सोडा, असं त्यात कुठे आहे?

आणि हे कोण म्हणतंय तेही बघा. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्यात तुकोबांचा व्यापार बुडाला, मान गेला, पहिली बायको अन्नावाचून गेली. 'स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली' हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. असा माणूस जेव्हा 'चित्ती असो द्यावे समाधान' म्हणतो किंवा 'मन करा रे प्रसन्न' म्हणतो, तेव्हा तो सुखातून आलेला सल्ला नसतो. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं एकदम गप्प होतात. नंतर एखादं विचारतं, "बाई, मग त्यांना हसू कसं यायचं?" त्यावर आम्ही बराच वेळ बोलतो.

दुसऱ्याच्या अन्यायापुढे मान तुकवायला मात्र ही ओळ कुणी वापरू नये. सुनेला गप्प बसवायला, मजुराला अर्ध्या मजुरीवर राबवायला ती वापरलेली मी ऐकली आहे. तिथे ती शोभत नाही.

संतांची जुनी मराठी कळत नाही. काय करावं?

मोठ्यानं वाचा. डोळ्यांना न कळलेलं पुष्कळदा कानाला कळतं. अडलेला शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. 'सायास', 'उद्वेग', 'कईवाड' असे शब्द त्यांनी कीर्तनात ऐकलेले असतात. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. सगळे कळायची घाई कशाला? वर्षाला पाच कळले तरी पुष्कळ.

सुविचार थोरामोठ्यांचेच असावेत का? साध्या माणसांचे चालतील?

बहिणाबाई चौधरींचंच बघा. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्म, शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही, तरुणपणीच वैधव्य आलं. जात्यावर बसून, शेतात राबता राबता त्या ओव्या म्हणायच्या आणि घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ साली त्या गेल्या. त्यानंतर मुलगा सोपानदेव यांनी त्या ओव्या आचार्य अत्रे यांना दाखवल्या आणि १९५२ साली पुस्तक निघालं. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके तंव्हा मियते भाकर.' या ओळीत 'असं करा, तसं करा' असं काहीच नाही. रोज भाकरी थापणाऱ्या बाईच्या हाताला जे ठाऊक होतं, ते तिनं जसंच्या तसं सांगितलं.

त्यांचीच आणखी एक ओळ मला फार आधार देते. 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर.' ध्यानाला बसलं की मन भरकटतं, पुस्तक घेतलं की हात मोबाइलकडे जातो, आणि मग आपण स्वतःवरच चिडतो. पण ढोरावर कुणी असं चिडत नाही. ते पिकात परत येणारच. हाकलायचं, पुन्हा आलं की पुन्हा हाकलायचं. शेतकरी दिवसभर हेच करतो आणि त्यात त्याला काही अपमान वाटत नाही. हे कळल्यापासून माझी स्वतःवरची चिडचिड खरंच कमी झाली.

म्हणून तुमच्या घरातल्या माणसांची वाक्यंही लिहून ठेवा. माझी आजी दूध उतू गेलं की म्हणायची, "जमिनीनं प्यायलं, वाया नाही गेलं." कुठल्याही पुस्तकात नसलेलं हे वाक्य मी माझ्या मुलीला तिची परीक्षा हुकली त्या दिवशी सांगितलं.

सुविचार गोडच असावा का?

मुळीच नाही. महात्मा फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या ओळी आठवा. विद्या गेली म्हणून मती गेली, मती गेली म्हणून नीती, मग गती, मग वित्त, आणि शेवटी 'इतके अनर्थ एका अविद्येने केले.' गोडवा कुठे आहे त्यात? पण एका कारणातून दुसरं कसं निघतं हे इतकं लख्ख दिसतं, की वाचणारा उठून उभा राहतो. शाळा अर्धवट सोडू पाहणाऱ्या मुलीच्या वडिलांना मी दुसरं काही न बोलता हेच वाचून दाखवते. काही जण ऐकतात.

मोबाइलवर रोज तीस-चाळीस सुविचार येतात. त्यांचं काय करावं?

वाचा आणि सोडून द्या. एक ना धड भाराभर चिंध्या. त्यातला एखादा मनात अडकलाच, तर तो हातानं कागदावर लिहा. लिहावासा नाही वाटला, तर तो तुमचा नव्हता.

खाली ज्याचं नाव असतं, ते त्याचंच वाक्य असतं का?

पुष्कळदा नसतं. 'जगात जो बदल हवा, तो आधी स्वतः व्हा' हे गांधीजींच्या नावानं सगळीकडे फिरतं. त्यांच्या लेखनात ते या शब्दांत सापडत नाही. १९१३ साली 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांनी लिहिलं होतं, की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाची रीतही बदलेल. भाव जवळचा आहे, पण ते वाक्य विचार करून लिहिलेलं आहे, फलकासाठी कातरलेलं नाही.

बाबासाहेबांचं उदाहरण आणखी शिकवणारं आहे. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' आपल्या ओठांवर आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत त्यांनी इंग्रजीत जे सांगितलं त्याचा क्रम शिका, चेतवा, संघटित व्हा असा होता, आणि त्यालाच जोडून ते म्हणाले होते, स्वतःवर विश्वास ठेवा. ही शेवटची गोष्ट घोषणेतून गळून गेली. मला वाटतं, एकट्यानं शिकणाऱ्या मुलाला तीच सगळ्यात आधी हवी असते.

तपासायचं कसं? कुठल्या पुस्तकात, कुठल्या भाषणात, कोणत्या साली, एवढं विचारा. उत्तर मिळालं नाही तर नाव खोडा आणि ओळ ठेवा. ओळ चांगली असेल तर ती बिननावाचीही चालते.

मुलांकडून सुविचार पाठ करून घ्यावेत का?

पाठ करून घेतलेलं वाया जात नाही. मला चौथीतले मनाचे श्लोक आज कळतायत. पण गुण लावू नका, आणि चूक झाल्यावर शिक्षा म्हणून तर कधीच लिहून घेऊ नका. 'नेहमी खरे बोलावे' शंभर वेळा लिहिलेलं मूल त्या ओळीचा आयुष्यभर राग करतं. आणि घरात आपण दारावर आलेल्या माणसाला "बाबा नाहीत म्हणून सांग" असं शिकवत असू, तर तो सुविचार भिंतीवरून काढलेलाच बरा. मुलांना हे फार लवकर दिसतं.

परदेशात वाढणाऱ्या नातवंडांसाठी काही आजी-आजोबा विचारतात. एक ओळ, आठवड्यातून एकदा, फोनवर, आणि तिच्याबरोबर आपल्या लहानपणचा एक प्रसंग. प्रसंग सांगायला विसरू नका.

दुकानात किंवा ऑफिसात सुविचार लावला तर?

लावा, पण तो पाळायची व्यवस्थाही लावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे त्यांनी नुसतं लिहून ठेवलं नाही, गरीब मुलांनी काम करून शिकावं अशी सोयच उभी केली. आजही कितीतरी कॉलेजांत मुलं 'कमवा आणि शिका' योजनेत बागेत, ग्रंथालयात काम करून फी भरतात. त्यांना भिंतीवरचं ब्रीद वाचावंच लागत नाही.

जवळचं माणूस गेलंय अशा कुणाला कोणता सुविचार पाठवावा?

कोणताही नको. माझे वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मला फुलांच्या चित्रावर 'जे होतं ते चांगल्यासाठीच' असं आलं. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र मी फोन उपडा ठेवून दिला. त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या, आईजवळ बसल्या आणि बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "अण्णा रस्त्यानं चालले की कडेचे खिळे, काचा उचलत जायचे." आईला ते ऐकून रडू फुटलं. तीन दिवसांत ती पहिल्यांदा रडली.

ज्यांना बोलवत नाही त्यांनी डबा न्यावा.

मीच पार खचून गेले आहे. वाचून काही होत नाही. काय करू?

मग वाचू नका, कुणाशी तरी बोला. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगू नये असं मनात येत असेल, तर तो डॉक्टरांचा विषय आहे, ओळींचा नाही. सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं. फोन लावायचं बळ नसेल तर घरातल्या कुणाला तरी लावायला सांगा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

सुविचारांची वही कशी ठेवावी?

साधी दोनशे पानी वही. डाव्या पानावर ओळ, उजवं पान कोरं. ती ओळ ज्या दिवशी उपयोगी पडेल त्या दिवशी उजवीकडे तारीख आणि काय घडलं ते दोन ओळींत लिहा. माझ्या वहीत पुष्कळ उजवी पानं अजून कोरी आहेत. एका पानावर मात्र सात तारखा आहेत.

सात तारखा कोणत्या ओळीपुढे आहेत?

'दोरे चिरा कापे पडिला काचणी.' तुकोबांचीच. रोज घासून घासून सुती दोरसुद्धा दगड कापते.

माझ्या आजोळी आडाच्या काठावर असा चिरा होता. त्यावर पोहऱ्याच्या दोरानं पाडलेल्या पाच खाचा, शेजारी शेजारी. सगळ्यात खोल खाचेत माझं बोट पहिल्या पेरापर्यंत जायचं. आतून ती काचेसारखी गुळगुळीत होती आणि उन्हाळ्यातही गार लागायची. मी आजीला विचारलं होतं, ही कुणी पाडली? ती म्हणाली, "माझ्या सासूनं सुरू केली असेल. तिच्याही आधी कुणी असेल." आता आडावर मोटर आहे. चिरा मामानं मागच्या दारी धुणं धुवायला बसवलाय. सुट्टीत गेले की मी अजून त्या खाचेत बोट घालून बघते.